सुतकातला सोलो

आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की कोणी ना कोणी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करतं, आणि मग जेवण होईपर्यंत त्यावर जे लागेल ते सगळ्यांनी ऐकायचं. परवा एका नव्या मुलीने कसलीशी कॉफीची जाहिरात लावली होती. मागे सॅक्सोफोन वाजत होता. "काय वाजवलंय ना! सर, ऐका, इथे तो मध्येच थांबतो बघा," ती म्हणाली. मी भेंडीच्या भाजीत मान घालून बसलो. तो कुठे थांबतो ते मला ठाऊक होतं. थांबून परत कुठल्या सुरावर येतो तेही ठाऊक होतं. कारण ते थांबणं माझं आहे आणि तो सूरही माझा आहे. वाजवलाय दुसऱ्याने, आणि आता तो त्याचाच म्हणून ओळखला जातो.

हे मी तिला सांगितलं नाही. ऑफिसात मी आवक-जावक बघणारा माणूस. असल्या माणसाने "हा सोलो माझा आहे" म्हटलं तर लोक तोंडावर हळहळतात आणि जिन्यात हसतात. म्हणून ते इथे लिहून काढतोय.

मी फणसवाडीतला. दोन खोल्या, सामायिक गॅलरी, आणि बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बाबांच्या शेजारच्या टेबलावर भायखळ्याचे एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती, गृहस्थ बसायचे. मी त्यांना अंकल म्हणायचो. आठवडाभर ते फायली हलवायचे आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांच्या घरच्या एका लग्नाला बाबांनी मला नेलं होतं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणायला वाजतगाजत जातात. लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर कळशा, आणि सगळ्यांच्या पुढे गाल फुगवलेले अंकल. बाकीची पोरं तळलेले गोड फुगे पळवण्यात गुंतली होती. मी अंकलच्या मागे मागे विहिरीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. घरी आल्यावर जेवलो नाही. आईला वाटलं, पोटात बिघाड झाला.

पुढच्या रविवारपासून अंकलकडे शिकायला जायला लागलो. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. सॅक्स एकच, त्यामुळे आम्ही आळीपाळीने वाजवायचो, तोंडाकडचा भाग रुमालाने पुसून. लहानपणी जी अशी उष्ट्याखरकट्यातून होते, ती मैत्री माणूस कधी तपासून बघत नाही. मीही बघितली नाही. लग्नातली गाणी वाजवून झाली की अंकल जुन्या तबकड्या लावायचे आणि म्हणायचे, "बँडमधलं पोटासाठी रं. ह्ये ऐका आता." ते जॅझ होतं. एक चाल सगळे मिळून वाजवतात आणि मग एकेक जण त्या चालीच्या घरात शिरून आपल्या मनाने सामान हलवतो. त्याला सोलो म्हणायचं. मला ते ऐकताक्षणी कळलं. का कळलं ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

अंकल एकदा बाबांना म्हणाले, "तुमच्या पोराला शिकवावं लागत नाय, नुसतं दाखवावं लागतं." त्यांचा मुलगा समोरच बसला होता. तो मोठ्याने हसला आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा मला ते हसणं मोकळं वाटलं होतं.

लवकरच बाबांनी मला एक जुना सॅक्स घेऊन दिला, पण चाळीत सॅक्स वाजवणं म्हणजे पन्नास बिऱ्हाडांच्या शिव्या खाणं. त्यावर मी युक्ती काढली होती. गाद्या-गोधड्यांच्या घडवंचीकडे तोंड करून बसायचं आणि सॅक्सचा कर्णा गोधडीत घुसवून वाजवायचं. आवाज निम्मा गिळला जायचा. पंधरा वर्षं मी असा भिंतीकडे तोंड करून वाजवला. आई म्हणायची, "शिक्षा झाल्यासारखा काय बसतोस?" बाबा मात्र ऑफिसातून येऊन, चहाचा कप हातात घेऊन माझ्या मागे बसायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण बसायचे. बी.कॉम. झाल्यावर मी नोकरी शोधत नाही म्हणून आईने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा ते एकच वाक्य बोलले. "मी आहे तोवर वाजव." मला तो आशीर्वाद वाटला.

पंचविशीत मला जॅझ वाजवणाऱ्या चौघांच्या एका चौकडीत जागा मिळाली. ही जागा मिळणं म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईत जॅझ वाजवून जगणारी माणसं एका टेम्पोत बसतील एवढी. त्यात ही चौकडी सगळ्यांत नावाजलेली. पियानो वाजवणाऱ्या बाई तिच्या प्रमुख, पन्नाशीच्या, कडक, कोणाला म्हणून सोडायच्या नाहीत. सराव रे रोडला, एका लाकडाच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर. आजूबाजूला तक्रार करायला कोणी नाही, खाली दिवसभर करवत चालू. सरावाहून घरी आलो की केसांतून भुसा झडायचा. तिथे मी पहिल्यांदा उघड्यावर, पूर्ण आवाजात वाजवलं. पहिल्या दिवशी माझा मीच दचकलो.

वर्षभरात मी एक चाल बांधली. बाईंनी ती मुकाट्याने दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "यह रेकॉर्ड होगा." त्या चालीत माझा एक सोलो होता. खरं तर जॅझमध्ये सोलो दर वेळी नवा वाजवायचा असतो. पण हा रोज थोडा थोडा घासत घासत एका जागी येऊन बसला होता. मधे मी एक वाक्य अर्धवट सोडून थांबायचो. नुसता बास वाजत राहायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगं विसरलं. आणि मग मी अगदी तळाच्या सुरावर यायचो, जो काढायला बेंबीच्या देठापासून हवा लागते. बाई तेवढ्यापुरत्या डोळे मिटायच्या. बाई डोळे मिटतात हीच मोठी बातमी होती. रेकॉर्डिंगची तारीख ठरली, आणि ते झालं की चौकडीला युरोपातल्या एका महोत्सवाचं बोलावणं होतं. मी पासपोर्टही काढला होता. तो बाबांनी ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवला.

त्याच महिन्यात बाबा ऑफिसच्या जिन्यात कोसळले. अंकलनीच त्यांना हॉस्पिटलात नेलं, पण उपयोग झाला नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती.

मी एकुलता एक. अग्नी मी दिला. डोकं भादरून घरी आलो आणि घोंगडीवर बसलो, तेव्हा आई पहिलं जे बोलली ते सॅक्सबद्दल. "तो माळ्यावर टाक. तेराव्यापर्यंत हात लावायचा नाही. सुतकात वाजंत्री नको या घरात." मी देवाधर्माचा फारसा नाही, पण समोर आईची कपाळ पुसलेली मूर्ती होती. मी सॅक्स माळ्यावर टाकला. रेकॉर्डिंग तेराव्याच्या आत येत होतं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माँ के पास बैठ. हम तारीख आगे करेंगे, तेरे बिना नहीं होगा." फोन ठेवून मी पहिल्यांदा रडलो. बाबांसाठी रडत होतो की जागा राहिली म्हणून, ते माझं मला कळलं नाही.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. पण आमच्याकडे रोज दुपारी डबा यायचा तो भायखळ्याहून. अंकलचा मुलगा स्वतः घेऊन यायचा. त्याच्या आईने आमच्यासाठी मुद्दाम नवी भांडी काढून डाळ-भात रांधलेला असायचा. तो माझ्यासोबत घोंगडीवर बसायचा, आईला "मावशी, दोन घास खा ना" म्हणायचा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सख्खा भाऊ असं करणार नाही.

त्यानेच विषय काढला. "सरावाला तुझी जागा रिकामी नको रे. बाकीच्यांचं पण लूज पडतं. मी बदली जातो. तू आलास की खुर्ची तुझी."

बदली ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. वादक आजारी पडला, घरी लग्न-मयत निघालं, की तो आपला माणूस पाठवतो. बदली माणूस येतो, नीट वाजवतो, आणि मालक परतला की उठतो. खुर्चीवर डोळा ठेवायचा नाही. हे कोणी कागदावर लिहून घेत नाही, आणि ते मोडणाऱ्याला नंतर कोणी उभं करत नाही. निदान मी तसंच ऐकत आलो होतो.

"चाल दाखव मला," तो म्हणाला. सॅक्स माळ्यावर. मग मी गॅलरीच्या टोकाला उभा राहून ती त्याला तोंडाने म्हणून दाखवली, हळू आवाजात, आत आईला ऐकू जाणार नाही अशी. त्याने फोनवर रेकॉर्ड केली. "सोलो पण म्हण ना." मी म्हटलं, "सोलो तू तुझा वाजव की." तो म्हणाला, "अरे, बाकीच्यांना अंदाज असतो ना, कुठे काय येणार. तू कुठे थांबतोस ते कळायला पाहिजे." मला पटलं. मी म्हटला. थांबायचं किती, हवा कुठून घ्यायची, तळाच्या सुराला ओठ किती सैल सोडायचे, सगळं दाखवलं. खरं सांगायचं तर तेवढा वेळ बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत सूर तोंडात आला होता.

दहावं बाणगंगेवर झालं. तेरावं झालं. गोडाचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून सॅक्स काढून रे रोडला गेलो. जिना चढतानाच वरून माझी चाल ऐकू आली. मला बरं वाटलं, म्हटलं सराव चालू आहे. वर गेलो तर कोणीच वाजवत नव्हतं. सगळे खुर्च्यांवर बसून स्पीकरवर ऐकत होते, माझ्या खुर्चीवर अंकलचा मुलगा. चाल संपून सोलो सुरू झाला. अर्ध्या वाक्यावर थांबला. बास एकटा चालत राहिला. मग तळाचा सूर आला.

बाईंनी मला पाहिलं आणि उठून मला जवळ घेतलं. "तू? अरे, काँग्रॅच्युलेशन्स बोलूं या क्या बोलूं? फादर की जगह सर्व्हिस मिल रही है ना तुझे? इसने बताया. मैंने सोचा, तू खुद बताएगा."

"मी कुठे म्हटलं असं?"

"इसने बोला, तू शरमा रहा है, फोन मत करो." त्या त्याच्याकडे बघायला लागल्या. तो सॅक्सच्या पट्ट्याशी चाळा करत होता. रेकॉर्डिंग झालं होतं. महोत्सवाची कागदपत्रं त्याच्या नावाने गेली होती. बाई म्हणाल्या की आता मागे फिरता येणार नाही. चूक त्यांची नव्हती. पण सोलो कोणाचा हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी तो ठेवला, हे मी अजून विसरलेलो नाही.

खाली वखारीत मी त्याची कॉलर धरली. लाकडं उतरवणारे हमाल थांबून बघायला लागले. "नोकरी करणार असं मी कधी म्हटलं?" तो म्हणाला, "करशीलच ना. दुसरं काय करणार आहेस?" मी म्हटलं, "सोलो माझा का वाजवलास? तुझा का नाही वाजवलास?" तो एवढंच म्हणाला, "तू माझ्या जागी असतास तर कळलं असतं तुला." मी कॉलर सोडली. हात उचलला असता तर आज तेवढं तरी समाधान असतं.

आणि मी नोकरी केलीच. जागा गेलेली, घरात कमावणारं कोणी नाही, आईचं शिक्षण आणि गुडघे दोन्ही बेताचेच. कर्मचारी नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर घेतात. अंकलनी सगळी धावपळ केली, साहेबांना भेटले, माझं नाव लावून घेतलं. माझ्या मनात येई, पोराने जे केलं त्याची हा बिचारा भरपाई करतोय. ज्या जिन्यात बाबा पडले तोच जिना मी रोज चढू लागलो. पहिल्या दिवशी साहेब कौतुकाने म्हणाले, "वडिलांचंच टेबल देऊ तुम्हाला." मी आभार मानले.

सुरुवातीला दोन-चार ठिकाणी वाजवलं. पण नोकरीच्या खटपटीत सहा महिने सॅक्सविना पडलेली जीभ आणि ओठ एका संध्याकाळीत परत येत नाहीत. शिवाय जिथे जाईन तिथे लोक विचारायचे, "तो वाजवतो तो सोलो येतो का हो?" एकदा तर एक जण म्हणाला, "छान वाजवता, थोडी त्याचीच स्टाईल आहे." त्या दिवसापासून मी बंद केलं. तो मात्र कुठल्या कुठे गेला. पेपरात फोटो, परदेशदौरे, आणि आता ही कॉफी. मुलाखतीत त्याला विचारतात, ते थांबणं कसं सुचलं. तो सांगतो, आपोआप आलं.

बारा-तेरा वर्षं मी त्याला शिव्या घालत जगलो. शत्रू एकच असला की जगायला सोपं जातं.

मागच्या महिन्यात भायखळ्याच्या भाजी मार्केटात अंकल भेटले. सत्तरीच्या घरात, हातात काठी, पण भाव करायची खुमखुमी तीच. लेकाचे दौरे, घर, गाडी, सगळं सांगून झालं. माझा चेहरा उतरलेला दिसला असावा. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "तू अजून त्याच्यावर डूख धरून हायस ना? नको रं. तुझी आयस आली नसती तर त्यानं ते केलं नसतं."

"आई? कुठे आली होती?"

"आमच्या घरी. तुझा बा गेला त्या आठवड्यात." त्यांना वाटत होतं, मला हे कधीच कळलं असेल. "रडली, हात जोडले. म्हनाली, ह्यो एकदा का परदेशी गेला की नोकरीवर सही करनार नाय, नि जागा जाईल. तुमच्या पोराला सांगा, तिथं याची वाट बंद कर. माझा पोरगा नाय म्हनत होता. मीच बोललो, कर. तुझ्या बाचं टेबल वाया जाऊ द्यायचं का मंग?"

मी भाजीची पिशवी तिथेच ठेवून आलो. नंतर आठवलं, त्यात अर्धा किलो फरसबी होती.

चालत चालत मी तो आठवडा आठवत होतो. आई एका दुपारी बाहेर गेली होती खरी. "बँकेत सही करायला बोलावलंय," म्हणाली होती. चाळीतली एक बाई म्हणालीसुद्धा, "सुतकात बाहेर कुठे निघालात?" ज्या सुतकात मला सॅक्सला हात लावायची बंदी होती, त्याच सुतकात नवऱ्याच्या राखेची धग जायच्या आत ही बाई भायखळ्याला लोकांच्या घरी जाऊन बसली होती. माझ्यासाठी आलेला डबा, मांडीला मांडी लावून बसणं, अंकलची धावपळ, साहेबांची भेट, सगळं आधी ठरून झालं होतं. मी मधे बसून डाळ-भात खात होतो आणि सगळ्यांचे उपकार मानत होतो. मित्राने फसवलं याचा राग मला वर्षानुवर्षं उभा ठेवत आला होता. हे कळल्यावर मात्र तो रागही उरला नाही. घरी पोचेपर्यंत दोनदा वाटेत बसलो.

आई खाली बसून मटार सोलत होती. मी चपला न काढताच विचारलं, "भायखळ्याला गेली होतीस? बाबा गेले तेव्हा?"

तिने मान वर केली नाही. "म्हाताऱ्याला पोटात ठेवता येत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "हो. गेले होते."

"सुतकात?"

"सुतक होतं म्हणून तर तू घरात होतास. एरवी तू सापडला असतास का?"

"आई, ती चाल माझी होती. त्याने माझा सोलो वाजवला. माझा. आज सगळं जग तो त्याचा समजतं."

"ते मला काय माहीत? मी जागा म्हणाले होते. गाण्याचं मी काही बोलले नव्हते." तिने एक शेंग फोडली, किडकी निघाली, बाजूला टाकली. "त्याने ते घेतलं असेल तर ते त्याचं पाप. माझं नाही. मी माझ्या पोराला बघितलं. तुझे बाबा गेले, दुसऱ्या दिवशी तू फोन ठेवून रडलास ते ऐकलं मी. मला वाटलं, हा बापासाठी रडतोय. मग फोनवरचं बोलणं आठवलं, तू तारखेसाठी रडत होतास."

मी भिंतीला टेकून बसलो. घडवंची अजून तिथेच आहे, गोधड्या तशाच. आईने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग तिने सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्यापुढे केली, लहानपणी करायची तशी, आणि म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतोस? नोकरी काय जन्माला पुरते का? रिटायर झालास की वाजव हवं तेवढं. तेव्हा कोण अडवणार आहे तुला?"

ती टोमणा मारत नव्हती. अगदी मायेने म्हणाली. मी हात पुढे केला, दाणे घेतले आणि खाल्ले.